सेफ्टी व्हॉल्व्हला बोल्ट मारलेला कॉम्प्रेसर चालवू नका

पत्र (थोडक्यात): निपाणी तालुक्यातल्या एका गावात आमचं घर आहे. ऊस, तंबाखू, एक ट्रॅक्टर-ट्रॉली, दोन मोटारसायकली. हवा भरायला दर वेळी हायवेपर्यंत जावं लागायचं म्हणून बेळगावात उद्यमबागेतून जुना हवेचा कॉम्प्रेसर आणला. दीड एचपी, सिंगल फेज, बेल्टवाला, ५० लिटरची टाकी. मागच्या पडवीत ठेवलाय. स्वयंपाकघरातून एक्स्टेंशन बोर्डाने लाइट घेतली आहे, अंतर साधारण २० मीटर. पावसाळ्यात ओल्या पायाने टाकीला हात लावला तर मुंग्या येतात. लाइट जाऊन रात्री परत आली की मशीन आपोआप सुरू होतं, आई दचकून उठते. सेफ्टी व्हॉल्व्ह सारखा गळायचा म्हणून तिथे बोल्ट बसवला. आता मळ्यातल्या पाइपलाइनचे पीव्हीसी तुकडे उरलेत, ते जोडून भिंतीवरून पुढच्या अंगणापर्यंत हवा न्यायचा विचार आहे. घरात लहान मुलं आहेत. आधी कशावर खर्च करू?

उत्तर:

दादा, आधी मशीनची पिन काढा. मग टाकीच्या तळाचा ड्रेन कॉक हळूहळू उघडा आणि गेजचा काटा शून्यावर येईपर्यंत तसाच ठेवा. तो बोल्ट निघून तिथे नवा सेफ्टी व्हॉल्व्ह बसेपर्यंत मशीन चालू करू नका, एका टायरपुरतंसुद्धा नाही. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आलं: पहिला खर्च सेफ्टी व्हॉल्व्हचा, दुसरा आरसीसीबीचा (करंट गळाला की लाइट तोडणारा स्विच), तिसरा स्टार्टरचा. अंगणापर्यंतची लाइन सगळ्यात शेवटी, आणि ती पीव्हीसीची नाही.

या घाईचं कारण असं. तुमच्या मशीनवर प्रेशर स्विच आहे. टाकीत ८ केजी (दर चौरस सेंटिमीटरला ८ किलोचा दाब), म्हणजे साधारण ११५ पीएसआय हवा झाली की तो मोटर बंद करतो आणि दाब ६ केजीच्या आसपास उतरला की परत चालू करतो. या स्विचच्या आत तांब्या-चांदीचे छोटे कॉन्टॅक्ट असतात. आपल्याकडे व्होल्टेज खालीवर होतं, तेव्हा ते थरथरतात, ठिणग्या पडतात आणि एखाद्या दिवशी एकमेकांना चिकटून बसतात. मग मोटर थांबतच नाही. त्या क्षणी टाकी आणि घरातली माणसं यांच्यामध्ये एकच गोष्ट उरते, सेफ्टी व्हॉल्व्ह. तोच तुम्ही बंद केला आहे.

५० लिटर टाकीत ८ केजी हवा कोंडली की तिच्यात ४० किलोज्यूलच्या पुढे ऊर्जा साठते. आठ-साडेआठशे किलोची छोटी कार पाच मीटर उंचीवरून खाली सोडावी, इतका तो दणका आहे. पाण्याची टाकी फुटली तर पाणी वाहून जातं, हवेची टाकी फुटली की पत्रा उडतो.

नवा व्हॉल्व्ह घेताना तीन गोष्टी बघा. त्याच्यावर दाब कोरलेला असावा. मशीन ८ केजीला कट होत असेल तर व्हॉल्व्ह ९ केजीचा घ्या, पण टाकीच्या नेमप्लेटवर छापलेल्या कमाल दाबापेक्षा जास्तीचा कधीच नको. दुसरं, मशीन जेवढी हवा टाकते तेवढी तो बाहेर सोडू शकला पाहिजे, म्हणून दुकानात मशीनचा एचपी आणि सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा) सांगून मागा. तिसरं, तो थेट टाकीवर बसला पाहिजे, मध्ये कॉक नको. टेफ्लॉन टेप आट्यांवरच गुंडाळा, पहिला आटा मोकळा ठेवा, म्हणजे टेपचा तुकडा आत जाऊन भोक बंद करणार नाही. महिन्यातून एकदा, टाकी भरलेली असताना, तोंड बाजूला करून रिंग ओढा. हवा सुटली पाहिजे आणि रिंग सोडताच बंद झाली पाहिजे. गळणाऱ्या व्हॉल्व्हच्या सीटवर, म्हणजे तो टेकून बंद होतो त्या जागी, बहुतेक वेळा गंजाचा कण बसलेला असतो. रिंग तीन-चारदा ओढून तो उडाला तर ठीक, नाहीतर व्हॉल्व्ह बदला. आणि दाबच ८ च्या वर जात असल्यामुळे तो सुटत असेल, तर दोष प्रेशर स्विचचा आहे, व्हॉल्व्ह बिचारा आपलं काम करतोय. बसवल्यावर पहिल्यांदा टाकी भरताना गेजसमोर उभे राहा. काटा साडेआठच्या पुढे सरकला तर हाताने बंद करा आणि स्विच बदला.

जुन्या टाकीबद्दल आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही सेकंडहँड घेतली आहे. टाकी आतून, तळातून गंजते. बाहेरून रंग मारला की काही दिसत नाही. ड्रेनमधून येणारं पाणी पांढऱ्या वाटीत धरा. दुधाळ पाणी म्हणजे तेल मिसळलेलं, ते चालतं. गडद तांबडं, खाली कीट बसणारं पाणी आलं तर टाकी आतून खाल्ली जात आहे. नेमप्लेट नसेल किंवा असं पाणी येत असेल तर टाकीची पाण्याने प्रेशर टेस्ट करून घ्या. टाकी पूर्ण पाण्याने भरून, कामाच्या दाबाच्या दीडपट, म्हणजे ८ केजीला १२ केजी दाब देतात. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे टाकी फुटली तरी नुसतं पाणी गळतं. "हवेनेच तपासून देतो" म्हणणाऱ्याकडे देऊ नका. सुईच्या टोकाएवढं भोक दिसलं तरी तिथे वेल्डिंगचा ठिगळ लावून घेऊ नका. भोक पडलंय म्हणजे आजूबाजूचा पत्राही कागद झालाय, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो आणखी कमजोर होतो. अशी टाकी भंगारातच गेली पाहिजे, तीही आरपार मोठं भोक पाडून, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या पडवीत जाणार नाही.

आता त्या मुंग्यांबद्दल. मुंग्या येणं म्हणजे करंट बसणंच. आज तो थोडा आहे, उद्या जास्त असू शकतो. मोटरच्या वाइंडिंगमध्ये ओल शिरली की थोडा करंट लोखंडी बॉडीवर उतरतो. त्याला जमिनीत जायला अर्थिंगची वायर हवी. तुमच्या एक्स्टेंशनमध्ये बहुधा ती नाही, किंवा असली तरी स्वयंपाकघरातल्या सॉकेटच्या वरच्या मोठ्या भोकामागे काहीच जोडलेलं नाही. शिवाय मशीनला रबरी चाकं आहेत, त्यामुळे ते जमिनीपासून सुटं आहे. करंट वाट बघत बसतो आणि तुमचा ओला पाय त्याला वाट देतो.

काही वायरमन यावर सोपा उपाय करतात: सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ यांना तारेने जोडून देतात. मुंग्या थांबतात, पण न्यूट्रल कुठेही, अगदी खांबावर, तुटला की मशीनच्या सगळ्या बॉडीवर २३० व्होल्ट उभे राहतात. सॉकेट उघडून बघायला सांगा. तशी तार असेल तर पहिल्यांदा ती काढा.

लायसन्स असलेल्या वायरमनकडून हे करून घ्या. मेन बोर्डापासून पडवीपर्यंत कॉम्प्रेसरसाठी वेगळी लाइन, तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएम, फेज-न्यूट्रल-अर्थ तिन्ही. बोर्डात १६ अँपिअरचा सी प्रकारचा एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच). बी प्रकार मोटर सुरू होताना उगाच पडतो. त्याच्या जोडीला २५ अँपिअरचा, दोन पोलचा, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी. बाजारात ३० एमए (मिलीअँपिअर) आणि १०० एमए दोन्ही मिळतात, १०० चा आगीपासून वाचवायला असतो, माणसासाठी ३० चाच. पडवीत १६ अँपिअरचा तीन पिनी सॉकेट, जमिनीपासून दीड मीटरवर, पावसाचे शिंतोडे येणार नाहीत अशा झाकणाच्या डबीत.

"आमच्याकडे एमसीबी आहे की" असं पुष्कळ जण म्हणतात. एमसीबी वायर जळण्यापासून वाचवतो, माणसाला नाही. हिशोब करून बघा. समजा अर्थिंगचा रेझिस्टन्स १० ओहम आहे आणि फेज बॉडीला चिकटला. २३० भागिले १०, म्हणजे २३ अँपिअर करंट जमिनीत जाईल. सी प्रकारचा १६ चा एमसीबी झटक्यात पडायला किमान ८० अँपिअर लागतात. म्हणजे बराच वेळ मशीनची बॉडी जिवंत राहील आणि एमसीबी गप्प बसेल. आरसीसीबीला मात्र ३० मिलीअँपिअर पुरतात, आणि तो डोळ्याची पापणी लवायच्या आत लाइट तोडतो. त्याच्यावर टेस्टचं बटण असतं. दर महिन्याला दाबा. पडला नाही तर तो मेलेला आहे, बदला.

आरसीसीबी आला म्हणून अर्थिंग सोडायचं नाही. अडीच मीटरचा ४० एमएम जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप, घराच्या पायापासून दीड मीटर तरी लांब, भोवती कोळसा आणि मीठ, वर पाणी घालायला तोंड. तुमच्याकडची काळी जमीन ओल धरते, तिथे अर्थिंग चांगलं बसतं. खानापूरकडच्या जांभ्या दगडाच्या जमिनीत एक पाइप पुरत नाही, दोन घालून जोडावे लागतात. उन्हाळ्यात दर आठवड्याला बादलीभर पाणी ओता. वायरमनकडे मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) असेल तर मोटरही तपासून घ्या, पिन काढून, वाइंडिंग आणि बॉडी यांच्यामध्ये ५०० व्होल्टवर. १ मेगाओहमच्या खाली आलं तर मोटर उघडून वाळवायला किंवा रिवाइंडिंगला द्यायची.

एक्स्टेंशन बोर्ड तर आजपासूनच बंद. त्याची वायर १ स्क्वेअर एमएमची असली तर २० मीटर जाऊन-येऊन तिचा रेझिस्टन्स पाऊण ओहमच्या जवळ जातो. दीड एचपीची मोटर चालताना ८-९ अँपिअर घेते, पण सुरू होताना पाचपट, ४५ च्या आसपास. म्हणजे नुसत्या वायरमध्ये ३०-३२ व्होल्ट गळून पडले. संध्याकाळी गावात २१० असले तर मोटरला १८० मिळतात. मोटरचा सुरुवातीचा जोर व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, १८० ला तो साठ टक्क्यांवर येतो. मग मोटर उचलत नाही, नुसती 'हूंऽऽ' करते आणि काही मिनिटांत वाइंडिंग किंवा कॅपॅसिटर जळतो. २.५ च्या वायरमध्ये हीच गळती १३ व्होल्टच्या आसपास राहते. एक नियम कायम लक्षात ठेवा: लांब जायचं असेल तर वायर नाही, हवेचा पाइप लांब करायचा.

लाइट आली की मशीन का सुरू होतं, ते सांगतो, कारण याच्यात नुसती आईची झोप नाही, कुणाचं बोटही जाऊ शकतं. प्रेशर स्विच 'ऑटो'वर आहे आणि टाकी थोडी रिकामी आहे, मग लाइट येताच तो मोटरला लाइट देणारच. तेव्हा कुणी बेल्टजवळ हात घातला असेल, किंवा मुलगा चाकाशी खेळत असेल, तर मशीनला ते कळत नाही. दुसरं नुकसान मोटरचं. मशीन प्रेशर स्विचने किंवा त्याच्या खटक्याने बंद झालं तर 'फुस्स' असा आवाज येतो ना, ती हेडमधली (पिस्टनच्या वरच्या भागातली) कोंडलेली हवा सुटते आणि पुढची सुरुवात हलकी होते. लाइट मध्येच गेली तर ही हवा सुटत नाही. परत लाइट येते तेव्हा मोटरला दाबाविरुद्ध उचलावं लागतं, तेही कमी व्होल्टेजवर.

उपाय तुमच्या मळ्यातल्या मोटरवर लटकलेलाच आहे: डीओएल स्टार्टर, हिरवं-तांबडं बटण असलेला. सिंगल फेजचा घ्या आणि त्याचा ओव्हरलोड रिले (मोटरने जास्त करंट ओढला की लाइट तोडणारा भाग) मोटरच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरवर लावा. लाइन अशी: एमसीबी, आरसीसीबी, स्टार्टर, मग प्रेशर स्विच, मग मोटर. लाइट गेली की स्टार्टर सुटतो आणि हिरवं बटण दाबेपर्यंत परत लागत नाही. मात्र मळ्यातल्या स्टार्टरला आपण लाइट आली की पंप लागावा म्हणून 'ऑटो' बसवतो, तसला ऑटो इथे चुकूनही बसवू नका. लाइट आल्यावर क्रम असा: प्रेशर स्विचचा खटका ऑफ, 'फुस्स' ऐकू आलं की परत ऑटो, मग हिरवं बटण. काम झालं की तांबडं बटण आणि पिन बाहेर.

बेल्टवर जाळीचा गार्ड हवाच, पदर, ओढणी आणि लहान बोटं यांच्यासाठी. पट्ट्याचा ताण मधोमध अंगठ्याने दाबल्यावर १०-१२ एमएम झुकेल इतका. पट्ट्याच्या मोठ्या चाकाच्या पात्यांनी हेड थंड होतं, म्हणून मशीन भिंतीपासून किमान एक फूट लांब ठेवा आणि चाक बाणाच्या दिशेनेच फिरतंय का ते बघा.

पीव्हीसीचं काय? पाइपवर '६ केजी' छापलेलं असतं, ते पाण्यासाठी. पीव्हीसी हवेच्या दाबाखाली फुटतो तेव्हा चिरत नाही, त्याच्या काचेसारख्या कपच्या उडतात. उन्हाने आणि कॉम्प्रेसरच्या तेलकट हवेने तो वर्षा-दोन वर्षांत ठिसूळ होतो, आणि हिवाळ्याच्या पहाटे ट्रॉलीचा धक्का लागला तरी पुरतं. ते तुकडे पाण्यासाठीच ठेवा. तुमच्या कामाला भिंतीवर लाइनची गरजच नाही असं आमचं मत आहे. १५ मीटरचा चांगला रबरी एअर होज, कामाचा दाब २० बार (१ बार म्हणजे जवळपास १ केजी) छापलेला, एवढ्यावर भागतं. तरीही पक्की लाइन हवीच असेल तर अर्धा इंची जीआय, टाकीपासून दूर जाताना १०० सेंटिमीटरला १ सेंटिमीटर उतार, शेवटी पाणी काढायला कॉक, आणि प्रत्येक टॅप पाइपच्या वरच्या बाजूने काढून खाली वळवलेला, म्हणजे पाणी टायरमध्ये जाणार नाही. मशीन थरथरतं, म्हणून टाकी आणि जीआय यांच्यामध्ये फूटभर रबरी होजचा तुकडा ठेवा, नाहीतर आटे तडकतात.

टाकीच्या तोंडाशी एक बॉल व्हॉल्व्ह लावा. होज सुटला तर तो सापासारखा फटके मारतो. त्याला धरायला धावायचं नाही, टाकीचा व्हॉल्व्ह बंद करायचा. होजच्या टोकांना तार गुंडाळलेली असेल तर काढा आणि स्क्रूच्या दोन-दोन क्लिपा लावा, स्क्रू विरुद्ध बाजूंना.

टायर भरताना ११५ पीएसआयची हवा थेट व्हॉल्व्हवर सोडू नका. टाकीच्या तोंडाशी फिल्टर-रेग्युलेटर बसवा आणि टोकाला गेज असलेला, चिमट्याने धरणारा नोझल लावा. तो अडकवून टायरच्या समोरून बाजूला होता येतं, टायर फुटला तर साइडवॉलकडून फुटतो. दाब गाडीच्या आणि टायरच्या खुणेप्रमाणे. मोटारसायकलला बहुधा २५ ते ३३ पीएसआय, ट्रॅक्टरच्या मागच्या टायरला मोटारसायकलपेक्षाही कमी लागतो हे अनेकांना खरं वाटत नाही, पण तो मोठा असतो, भरताना फुगलेला दिसत नाही आणि माणूस भरतच राहतो. ट्रॉलीचा टायर दाबून पूर्ण सपाट झालेला असेल, तसाच ओझ्याखाली चालवला असेल, तर घरी भरू नका. आतले दोरे तुटलेले असू शकतात. वेगळं लोखंडी कडं बसवलेल्या रिमची ट्रकची चाकं टायरवाल्याच्या पिंजऱ्यातच भरायची.

पंपाचे नोझल, फिल्टर यांची धूळ उडवताना रेग्युलेटर ३० पीएसआयवर आणा आणि चष्मा लावा. मुलांना एकच गोष्ट नीट बसून सांगा: ही हवा अंगावर, कपड्यावर, कुणाच्या तोंडाशी किंवा पाठीमागून धरायची नाही. गमतीने पाठीमागे होज धरल्याने आतडी फाटून माणसं दगावली आहेत, कपडे घातलेले असतानाही. म्हणून वापर संपला की होज काढून कुलपात ठेवा. आणि विहिरीत उतरणाऱ्याला श्वासासाठी या मशीनची हवा कधी देऊ नका, तिच्यात तेलाचे कण आणि धूर असतो.

उरलं तेल आणि पाणी. तेल कॉम्प्रेसरचंच, व्हीजी १०० ग्रेड. इंजिन ऑइलचा हेडमधल्या गरम प्लेटवर काळा कोळसा जमतो आणि व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. काचेच्या तांबड्या ठिपक्याच्या मध्यापर्यंत पातळी, दर सहा महिन्यांनी बदल. टाकी रिकामीपासून ८ केजी भरायला किती वेळ लागतो ते आज घड्याळ लावून भिंतीवर लिहून ठेवा. चार-पाच मिनिटं असेल. तो दीडपट झाला की फिल्टर, व्हॉल्व्ह प्लेट किंवा पिस्टनच्या रिंग बघायची वेळ आली.

पावसाळ्यात हवेतच इतकी ओल असते की ५० लिटरची टाकी एकदा भरली तर सात-आठ ग्रॅम पाणी तळाशी साचतं. दिवसात दहा वेळा भरली तर अर्धा कप. जून ते सप्टेंबर रोज, एरवी आठवड्यातून एकदा, दाब १-२ केजीवर उतरवून ड्रेन कॉक उघडा, पाणी संपून कोरडी हवा येईपर्यंत.